इनटेक मॅनिफोल्ड आणि इंजिनचं हेड कसं उतरवायचं

हेड गॅस्केट (सिलिंडरवर झाकणासारखं बसणारं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, कूलंट ऑइलमध्ये मिसळून ऑइल दुधाळ दिसायला लागलं की हेड उतरवल्याशिवाय इलाज नाही. काम क्रमाने केलं तर जमतं, फक्त इंजिन एकदम थंड पाहिजे, गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम, कारण हेड बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना बोल्ट ढिले केले की ते वाकतं.

पेट्रोल गाडी असेल तर आदल्या दिवशीच फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, थोड्या वेळात आपोआप बंद पडेल म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरलं. तेव्हाच एक्झॉस्टच्या गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कूलंट खाली काढा आणि प्रत्येक पाइप, प्रत्येक कनेक्टरचा फोटो घेऊन त्यावर टेपने नंबर लावा.

आता एअर फिल्टरचा पाइप, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टरचे कनेक्टर, फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी) काढा, रेलखाली कापड धरा कारण थोडं पेट्रोल सांडतंच. इनटेक मॅनिफोल्डचे (हेडला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या जोडणीचे) बोल्ट कडेकडून मधे येत सोडवा. सगळे काढले तरी हलत नसेल तर ओढू नका, खालच्या बाजूला सपोर्टचा एखादा बोल्ट लपलेला असतो, हाताने चाचपा. निघाल्या निघाल्या हेडच्या पोर्टमध्ये (हवा आत जायच्या भोकांत) स्वच्छ कापड कोंबा. माझ्या हातून एकदा छोटा वॉशर आत पडला, व्हॉल्व्ह उघडा होता त्यामुळे थेट सिलिंडरमध्ये गेला, हेड निघणारच होतं म्हणून निभावलं.

मग एक्झॉस्ट सोडवा, टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढा, पहिला पिस्टन एकदम वर आणून टायमिंगच्या खुणा (क्रँक आणि कॅमशाफ्टची जुळणी दाखवणाऱ्या) जुळवा, फोटो घ्या आणि मगच टायमिंग बेल्ट उतरवा. यानंतर क्रँक फिरवायचा नाही, बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो.

खरं काम हेड बोल्टचं. दोन्ही टोकांपासून सुरुवात करून आडवे-तिरपे मधे या, पहिल्या फेरीत प्रत्येकी पाव वळसा, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात पूर्ण. पहिल्यांदा सुटताना कट्टकन आवाज येतो, घाबरू नका. पुठ्ठ्याला भोकं पाडून बोल्ट त्याच क्रमाने खोवत जा.

हेड चिकटलेलं असतं, पण फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथे ओरखडा पडला की नवीन गॅस्केटही तिथूनच लीक होणार. कोपऱ्याच्या जाड भागाला लाकडाचा ठोकळा लावून हळू ठोका, फटीतून कूलंटची बारीक रेघ झिरपली की समजा सुटलं. दोघांनी मिळून सरळ वर उचला आणि दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा, नाहीतर उघडे व्हॉल्व्ह खाली डोकावत असतात ते वाकतील.

लगेच हेडच्या खालच्या पृष्ठभागावर स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) लावून लांबीत आणि तिरपं तपासा, बऱ्याच इंजिनांना 0.05 मिमीच्या आसपासच वाकाची सूट असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ब्लॉकमधली बोल्टची भोकंही कोरडी करा, त्यात पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक फुटू शकतो. आणि ताणले जाणारे (आवळताना कायमचे लांबणारे) बोल्ट असतील तर जुने परत लावू नका, नवीन सेटच आणा.