हेरगिरीच्या मंत्रांचे नियम कसे लावावेत

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून पात्रे वठवण्याच्या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दूरवरचे पाहण्याचे मंत्र मोजकेच आहेत, तरीही सोलापुरातल्या आमच्या रविवारच्या बैठकीत सर्वाधिक वाद त्यांच्यावरूनच होतात. मंत्र वाचताना अदृश्य सेन्सर (मांत्रिकाचे दूरवरचे डोळे-कान) कोठे उभा राहतो, तो हलतो का आणि त्याला काय अडवते, एवढे आधी ठरवावे.

‘स्क्रायिंग’ या दूरच्या माणसावर नजर ठेवण्याच्या मंत्रातला आकड्यांचा भाग सर्वांत जास्त चुकतो. एका खेळाडूने पळालेल्या व्यापाऱ्याची चादर मिळवली होती, पण त्या माणसाला त्याने कधी पाहिले नव्हते. ऐकीव माहितीमुळे व्यापाऱ्याच्या सेव्हला (मंत्र चुकवण्यासाठी टाकायच्या फाशाला) +५ मिळतात, त्याच्या मालकीच्या वस्तूमुळे −४ होतात, म्हणजे निव्वळ +१. व्यापाऱ्याचे विस्डम (या सेव्हला लागणारा गुण) +२ आणि मांत्रिकाचा डीसी (सेव्हने गाठायचा आकडा) १५ धरल्यास व्यापाऱ्याला वीस बाजूंच्या फाशावर १२ पुरतात. चादरीऐवजी केसांची बट असती, तर −१० मुळे १८ लागले असते. सेव्ह यशस्वी झाला की त्याच माणसावर २४ तास हा मंत्र चालत नाही. आपल्यावर कोणी डोळा ठेवू पाहत होते, हे त्याला आपोआप कळते असे नियम म्हणत नाही, त्यामुळे मी ते सांगत नाही.

सेव्ह फसला, तर सेन्सर लक्ष्यापासून १० फुटांच्या आत राहून त्याच्याबरोबर फिरतो. मात्र तो ठिकाणाचे नाव सांगत नाही. व्यापारी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत शिरला असेल, तर खांदे, फेटे आणि धूळ एवढेच दिसेल. सोलापूर ओळखायचे की नाही, हे पात्राला पूर्वी काय ठाऊक आहे त्यावर ठरवावे.

‘क्लेअरव्हॉयन्स’ या दुसऱ्या मंत्राचा पल्ला एक मैलाचा असून त्याचा सेन्सर जागचा हलत नाही आणि एका वेळी पाहणे किंवा ऐकणे यांपैकी एकच मिळते. ‘आर्केन आय’ या मंत्राचा अदृश्य डोळा ऐकत नाही, पण एक इंच व्यासाच्या फटीतूनही जातो. भुईकोट किल्ल्याचा दरवाजा बंद असला, तरी त्यात तेवढी भेग आहे असे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आधी वर्णनात सांगितले असेल, तर नंतर माघार घेऊ नये. दारावर टांगलेला पडदा घन अडथळा धरावा का, याबाबत नियम गप्प आहे. मी तो अडथळाच धरतो, पण बाजूने फट असल्यास वाट देतो.

ऐकू येणे म्हणजे समजणे नव्हे. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या गावात हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. तरीही व्यापाऱ्याचे बोलणे मी तेलुगूत म्हटले, तेव्हा आमच्यातल्या दोघांना ते कळले, आणि त्यांच्या पात्रांना ती भाषा येत नसल्यामुळे दोघांनाही हसू आवरत गप्प बसावे लागले.