क्वांट फर्ममधला डेव्हलपर: गणित थोडं, लॉग फार

‘माझं गणित जेमतेम आहे, क्वांट फर्ममध्ये निभाव लागेल का?’ शेवटच्या वर्षाची मुलं हमखास विचारतात. क्वांट फर्म म्हणजे गणिती नियमांवर, कॉम्प्युटरकरवी शेअर बाजारात सौदे करणारी कंपनी. अरे, स्ट्रॅटेजीचं गणित बघायला रिसर्चर असतात. आपण एक्सचेंजचा डेटा वाचायचा, स्ट्रॅटेजीला द्यायचा, तिची ऑर्डर तपासून बाहेर सोडायची, तेही काही मायक्रोसेकंदांत. मुंबईत हे बहुतेक सी प्लस प्लस आणि लिनक्सवर चालतं. मुलाखतीत प्रॉबॅबिलिटीची एखाद-दोन कोडी येतात, पण खरी झडती मेमरी, थ्रेड आणि नेटवर्किंगची होते.

सुरुवातीचे महिने एक्सचेंजची प्रोटोकॉलची कागदपत्रं वाचण्यात जातात. कंटाळवाणं काम, पण टाळू नका. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) मेसेजमध्ये वेळ १ जानेवारी १९८० पासून मोजतात, लिनक्स १९७० पासून. फरक ३१,५५,३२,८०० सेकंदांचा. भाव पैशांत, पूर्णांकात येतो: १०० रुपये ५ पैसे म्हणजे १०००५. टिक-बाय-टिक फीड, म्हणजे प्रत्येक ऑर्डर-सौद्याचा डेटा, मल्टिकास्टवर येतो: एकदाच, सगळ्यांना एकत्र. एखादं पॅकेट हरवलं तर कोणी आपणहून परत पाठवत नाही. मेसेजचा सीक्वेन्स नंबर ४१२ नंतर थेट ४१४ आला, की तुमचं ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीच्या उभ्या ऑर्डरींची यादी, त्या क्षणापासून संशयास्पद. हरवलेला मेसेज मिळेपर्यंत स्ट्रॅटेजी थांबवायची. वेगाच्या गप्पा सगळे मारतात. थांबायचं कधी, हे कोडमध्ये नीट लिहिणारा माणूस टीमला जास्त हवा असतो.

कारण इथे बग म्हणजे थेट पैसा. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही. जुन्या, पडीक कोडचा फ्लॅग (तो चालू करणारी खूण) नव्या कामासाठी वापरला होता, त्यामुळे त्या सर्व्हरवर तो जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. म्हणून मृत कोड उडवायचा कंटाळा करणाऱ्यांवर मी उखडतो.

बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. उघडण्याआधी लॉगिन, लिमिट, कॉन्फिग तपासून झालेलं हवं. मधल्या वेळात, अगदीच आग लागल्याशिवाय, कोडला हात नाही. दुपारनंतर लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या नोंदी, उपसणं सुरू: ही ऑर्डर रिजेक्ट का झाली, तिला वीस मायक्रोसेकंद जास्त का लागले. लक्ष्मीपूजनाला मुहूर्त ट्रेडिंग असतं, तेव्हा टीममधल्या कुणाला तरी हजर राहावंच लागतं.

पगार-बोनस चांगला, पण ऑफर लेटर शेवटच्या पानापर्यंत वाचा. नोकरी सोडल्यावर काही महिने स्पर्धक फर्ममध्ये जायचं नाही, अशी अट अनेक ठिकाणी असते. त्या काळात पगार देणार का, किती, हे सही करण्याआधी विचारा. यात भिडस्तपणा नको. केलेलं काम बाहेर दाखवताही येत नाही, आपला कोड जगाला दाखवायचं गिटहबवरचं पान कोरंच राहतं.

तयारी करायची असेल तर कोर्सवर पैसे घालू नका. एखाद्या क्रिप्टो एक्सचेंजचा फुकट फीड घ्या, त्यावरून ऑर्डर बुक बांधा, मध्येच मुद्दाम कनेक्शन तोडा आणि परत जोडल्यावर ते एक्सचेंजच्या स्नॅपशॉटशी, म्हणजे त्या क्षणाच्या पूर्ण यादीशी, जुळतं का बघा.