पेडल मऊ लागतंय? आधी निपलचं तोंड कुठे आहे ते बघा

आमच्या विद्यार्थी टीमने बनवलेल्या एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत वाटेवरच्या छोट्या गाडीचं, ब्रेक पेडल मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा ओल्या पोत्यावर पाय पडावा तसं ते थेट खाली गेलं. चाकं आपली निवांत फिरतच होती. ब्रेकचं खातं माझ्याकडे होतं. सगळी टीम माझ्याकडे बघत होती आणि मी पेडलकडे.

टीममध्ये नुकतंच ब्रेकचं काम अंगावर घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पास्कलचा नियम, डिस्क आणि ड्रममधला फरक हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर एक संध्याकाळ पुरते, घाबरू नका. घाबरायचं ते पुढच्या गोष्टीला.

हिशेब तसा सरळ आहे. पायाचा जोर ३०० न्यूटन, पेडल रेशो (पेडल तो जोर किती पट करतं) ६, म्हणजे पेडलमागच्या दांड्यावर, पुशरॉडवर, १,८०० न्यूटन. हा दांडा ज्यातलं तेल ढकलतो त्या मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १९.०५ मिमी धरला तर तेलाच्या लाइनमध्ये साधारण ६३ बार दाब येतो. चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन ३२ मिमीचा असेल तर पॅडवर सुमारे ५,००० न्यूटन. पॅडच्या दोन बाजू, घर्षणांक ०.४, डिस्कची परिणामकारक त्रिज्या ७० मिमी, की चाकावर २८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क. कागदावर हे फार देखणं दिसतं. आमचंही दिसत होतं.

इथे माझं एक मत ऐकून घ्या, पटलं नाही तरी चालेल. मागच्या बॅचची एक्सेल शीट उघडून त्यात आपले आकडे भरू नका. मी भरले होते. त्या शीटमध्ये व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जुन्याच गाडीचा राहिला होता आणि मला तो तीन आठवड्यांनी दिसला. एटीव्ही आखूड आणि उंच असते, त्यामुळे ब्रेक मारताना वजन पुढे सरकण्याचा हिशेब इथे मोटारीपेक्षा जास्त बोचतो. चालकासकट २५० किलो, व्हीलबेस १.२५ मीटर, गुरुत्वमध्य ०.६ मीटर उंचीवर, आणि मंदन ०.६ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट. एवढ्यावर ७२ किलो पुढच्या चाकांवर सरकतात. उभ्या गाडीत वजन अर्धं अर्धं असेल, तर मागे उरतात फक्त ५३ किलो. मागे ब्रेक जास्त दिला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि शेपूट फिरतं. चिखलात मात्र पकड कमी, म्हणून मंदन कमी, म्हणून वजनही कमी सरकतं. मग कडक जमिनीवर नीट बसवलेला बायस (पुढे-मागे ब्रेकची वाटणी) तिथे पुढची चाकं आधी लॉक करतो आणि हँडल फिरवलं तरी गाडी सरळच जाते. दोन मास्टर सिलिंडर आणि ही वाटणी बदलणारा बायस बार असेल तर हे जागेवर जुळवता येतं. टँडम सिलिंडर (एकाच सिलिंडरात दोन पिस्टन) असेल तर पिस्टन, डिस्क आणि पॅड निवडतानाच डोकं लावावं लागतं.

आता ती रात्र.

बाहा एसएईसारख्या, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या एटीव्हींच्या स्पर्धेत एकाच पेडलवर किमान दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट लागतात आणि ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झालीच पाहिजेत. आमची टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पेडल मऊ होतं, म्हणजे लाइनमध्ये हवा, इथवर कुणालाही कळतं. ब्लीडिंग सुरू केलं, म्हणजे तेलाबरोबर ती हवा बाहेर काढायला घेतली. एकाने पेडल दाबून धरायचं, मी आठच्या पान्याने निपल (कॅलिपरवरचा तेल बाहेर सोडणारा छोटा पोकळ स्क्रू) सैल करायचं, तेल आलं की बंद, मगच पाय सोडायचा. असं सहा वेळा चारही चाकं झाली. नळीतून बुडबुड्याशिवाय स्वच्छ तेल येत होतं. पेडल तरीही मऊ.

आमचे सीनियर दादा मागे उभे होते. ‘‘अगं, पंप मार अजून. बसेल हळूहळू.’’ पंप मारला की पेडल खरंच कडक व्हायचं! दहा सेकंद थांबून दाबलं की पुन्हा पोतं. त्या कडकपणाने आमचे चार तास खाल्ले. भराभर पंप मारताना सिलिंडरचा पिस्टन मागे येतो, पण कॅलिपरकडचं तेल तेवढ्या वेळात परत पोचत नाही. मग ती जागा रिझर्व्हॉयरमधलं (सिलिंडरवरच्या तेलाच्या डबीतलं) जादा तेल भरून काढतं. हवा जिथे होती तिथेच असते, फक्त दाबून लहान झालेली. पंपाने कडक होणारं आणि थांबल्यावर मऊ पडणारं पेडल म्हणजे आत हवा आहे किंवा पॅड डिस्कपासून लांब आहेत. ‘बसेल हळूहळू’ असं काही नसतं. असं सांगणाऱ्या माणसाला चहा पाजा, पाना देऊ नका.

हवा होती पुढच्या दोन कॅलिपरमध्ये, आणि ती तिथे बसवली होती मीच.

झालं असं की मूळ रचनेत कॅलिपर ॲक्सलच्या मागे होता. तिथे तो स्टीअरिंगच्या टाय रॉडला घासायला लागला, म्हणून मी ब्रॅकेट फिरवून त्याला ॲक्सलच्या पुढे आणलं. डिस्कला घड्याळ समजा. कॅलिपर तीनच्या काट्यावर होता आणि निपल वर, बाराच्या बाजूला. तो तसाच गोल फिरवत नऊवर नेला की वरचं खाली जातं. निपलचं तोंड सहाकडे. हवा तेलापेक्षा हलकी, ती पिस्टनमागच्या पोकळीत वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि निपल तळातून तेल काढत राहतं. साठ वेळा ब्लीड करा, बुडबुडा दिसणार नाही, कारण तो त्या वाटेवर नाहीच. स्वच्छ तेल आलं म्हणजे हवा गेली, हा माझा समज मला महागात पडला.

थोडीशी हवा एवढं काय करते? तीन घन सेंटिमीटर हवा ३० बारला दाबली की जेमतेम ०.१ घन सेंटिमीटर उरते. बाकीची २.९ जागा तेलाने भरायची. आमच्या बोअरला त्यासाठी पुशरॉड १० मिमी आत जावा लागतो, आणि रेशो ६ असल्याने पाय ६० मिमी. अर्धा चमचा हवेपायी पेडल चार बोटं खाली!

उपाय लाजिरवाणा सोपा निघाला. कॅलिपर होज (त्याची तेलाची लवचीक नळी) न सोडता ब्रॅकेटवरून काढा, पॅडच्या मधे डिस्कएवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा घाला, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. निपल सर्वांत वर राहील असा हातात धरून ब्लीड करा आणि परत बसवा. पहिल्याच दाबाला ‘फुस्स’ झालं. मी तिथेच खाली बसले. कायमचा उपाय म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावणं. मग निपल पुन्हा वर येतं, फक्त होजची लांबी आणि वळण परत तपासा.

सकाळी पहिल्या धावेत मागचं डावं चाक उशिरा लॉक झालं, दुसरीत पास झालो. एवढा गोंधळ घालूनही होतं, म्हणजे तुमचंही होईल.

तेलाबद्दल थोडक्यात. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलवर बनतात, डॉट ५ सिलिकॉनवर. नावातल्या ५ ला फसून दोन्ही एकत्र ओतू नका. ग्लायकॉलवालं तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावल्यावर १५५. लांब उतारावर पेडल सतत दाबून ठेवलं तर हे आकडे जवळचे वाटायला लागतात. झाकण उघडं राहिलेली बाटली मी वापरत नाही, लोक उधळी म्हणोत हवं तर. आणि हे तेल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्याने धुवा.

पुशरॉडला किंचित ढिलाई ठेवा. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, सिलिंडरमधलं रिझर्व्हॉयरकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि ब्रेक गरम होऊन आपोआप धरायला लागतात. आमच्याकडे हेही झालं, पण त्याचं खापर माझ्यावर फुटलं नाही, म्हणून लांबण लावत नाही.

शक्य असेल तर या आठवड्यात एक भंगारातला कॅलिपर मिळवा आणि उघडा. निपलपासून पोकळीपर्यंतची वाट एकदा डोळ्यांनी बघितली की घड्याळाचं उदाहरणही लागणार नाही. पिस्टन हवेच्या दाबाने काढणार असाल तर समोर जाड कापड ठेवा आणि बोट ठेवू नका. माझं उजव्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच उगवतं.