वाकळ आपटायची असते, स्लीपिंग बॅग नाही

आमच्याकडं साताऱ्यात घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण पांघरूण धुवून निघतं, वाकळा, चादरी, गाद्यांच्या खोळी, काही म्हणजे काही सोडत नाहीत. माझी पहिली स्लीपिंग बॅग अशीच त्या ढिगात गेली. मी कामावर गेलेलो, आईनं कपाटात एक निळं गाठोडं बघितलं, त्याला वास मारत होता (मारणारच, बामणोलीच्या कॅम्पवरनं आल्यावर मी ते ओलसर तसंच कोंबून ठेवलेलं आणि वरनं अख्खा पावसाळा गेलेला), मग तिनं ती वाकळांबरोबर सोड्यात भिजवली, दगडावर आपटली, आणि काकूला बोलवून दोघींनी दोन टोकं धरून दणकून पिळली. संध्याकाळी येऊन बघतोय तर आतलं सगळं भरण पायाकडं गोळा झालेलं आणि वर नुसतं दुहेरी कापड. आई म्हणे, "पांघरूणच हाय की, धुतलं."

तिचंही काय चुकलं म्हणा. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर इंच इंच धावदोरा घातलेला, आतलं काही हलायची सोयच नाही, ती आपटा नाहीतर पिळा. स्लीपिंग बॅगेत उलटं असतं. दोन पातळ नायलॉनची कापडं, मध्ये कप्पे, आणि त्यात सुटं किंवा नुसतं कडेनं टाचलेलं भरण. ऊब भरणाची नसते, त्यात अडकलेल्या हवेची असते. म्हणून भरण फुगलेलं राहिलं पाहिजे, एवढ्या एका गोष्टीभोवती बाकी सगळं फिरतं. दाबून ठेवली की फुगवटा जातो, अंगाचं तेल आणि घाम मुरला की जातो, ओल राहिली की जातो. पिशवीवर जे टेंपरेचर छापलेलं असतं ते नव्या फुगलेल्या बॅगेचं, चपटी झालेली बॅग त्या आकड्याला काय पुरत नाही. आणि आकडा बघताना 'कम्फर्ट'चा बघा, 'एक्स्ट्रीम'चा नको, तो जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्यापुरता नाही.

आधी हे बघा की तुमच्या बॅगेत भरलंय काय. लेबलवर डाऊन लिहिलं असेल तर आत बदकाच्या नाहीतर हंसाच्या पोटाकडची मऊ पिसं, हलकी आणि महाग. पॉलिस्टर किंवा हॉलोफायबर असेल तर सिंथेटिक, आपल्याकडं बहुतेकांकडं हीच असते आणि सह्याद्रीतल्या थंडीला आणि दवाला खरं तर हीच बरी, ओली झाली तरी थोडी ऊब देते आणि लवकर वाळते. डाऊन भिजली की लगदा होतो, पिसं एकमेकांना चिकटली की ऊब संपली.

आता धुण्याचं. माझं सरळ मत, होता होईल तेवढी धुवायचीच नाही. प्रत्येक धुण्यात भरण थोडं मरतंच. त्यापेक्षा आत लायनर, म्हणजे पातळ कापडाची खोळ, घाला. विकत मिळतात, पण आजीची जुनी मऊ सुती साडी असेल तर आपल्या उंचीपेक्षा हातभर जास्त कापून मध्ये उभी दुमडायची, खालून आणि एका बाजूनं शिवायची, झालं लायनर. ट्रेकवरनं आलं की फक्त ते धुवायचं. मी असं करतो तेव्हापासून बॅग दोन वर्षांतनं एकदा धुतो, आणि त्यातही दरवेळी पूर्ण नाही. मळते कुठं, तर तोंडाशी, केसांचं तेल लागतं तिथं. तेवढ्याच भागाचं वरचं कापड चिमटीत धरून भरणापासून लांब ओढायचं, मऊ टूथब्रशनं साबणाचं पाणी लावायचं आणि ओल्या फडक्यानं तीन-चारदा पुसून घ्यायचं, म्हणजे आतलं भरण भिजतच नाही.

पूर्ण धुवायचीच वेळ आली तर फेब्रुवारी-मार्च गाठा. हवा कोरडी असते, ऊन चांगलं असतं आणि ट्रेकचा सीझनही उतरलेला असतो. जून ते सप्टेंबर नावच काढू नका. वर महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलीमीटरच्या पुढं पाऊस पडतो, आपण खाली साताऱ्यात असलो तरी भिंतीला हात लावला की गार ओलसर लागतंच, त्या हवेत डाऊन आठवडाभर वाळणार नाही आणि बुरशी धरेल. घटाच्या आधी तर अजिबात नको, पाऊस नुकताच जात असतो.

मशीन असेल तर फ्रंट लोडच, आणि मोठी. टॉप लोडमध्ये मधला दांडा असेल तर तो फिरतो त्यात बॅग गुंडाळून कप्प्यांची शिवण उसवते. मशीन नसेल तरी काय अडत नाही, पाणी साठवायचा मोठा टब घ्या. चेन पूर्ण लावा, वेल्क्रो चिकटवा (उघडा राहिला तर कापड ओरबाडतो), आतली बाजू बाहेर काढा, कारण बाहेरच्या कापडातनं पाणी लवकर आत शिरत नाही आणि बॅग फुगा झाल्यासारखी तरंगत बसते. पाणी कोमट, ३० डिग्रीपर्यंत. साबण अगदी थोडा, सिंथेटिकला लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड चालतं, डाऊनला डाऊनसाठीचाच घ्या, निकवॅक्सचा ऑनलाइन मिळतो. साधी पावडर पिसांवरचं नैसर्गिक तेल धुवून काढते, मग ती ठिसूळ होतात. सोडा, ब्लीच, कम्फर्टसारखं सॉफ्टनर यातलं काहीच नको, आणि डाऊन ड्रायक्लीनलाही देऊ नका. अर्धा-पाऊण तास भिजू द्या, मग पाय स्वच्छ धुवून टबात उतरा आणि हळूहळू तुडवा, घाई नाही, चोळायचं नाही, ब्रश नाही. मग पाणी बदलत खळबळायचं, फेस यायचा पूर्ण थांबेपर्यंत, पाच-सहा पाणी सहज लागतात. इथं कंटाळा केला तर साबण आत राहतो आणि पिसांचे गोळे होतात.

आणि आता सगळ्यात नाजूक काम, बाहेर काढणं. ओली बॅग पाण्यानं जड झालेली असते, एका टोकाला धरून उचलली की सगळं वजन कप्प्यांच्या मधल्या पातळ पडद्यांवर येतं आणि ते टराटरा फाटतात, बाहेरनं दिसत पण नाही. आमच्या बॅगेचं नेमकं हेच झालं होतं, वर पिळा पण. टबातच दाबून दाबून पाणी काढायचं, मग खालून दोन्ही हात घालून लहान पोराला उचलतात तसं उचलायचं. पिळायचं नाही, कितीही पाणी गळू दे. टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुंडाळी दाबा, बरंच पाणी तिथंच जातं.

वाळवायला दोरी नको, सुंभाची नाहीतर नवारीची बाज असेल तर तिच्यासारखं काही नाही, खालनं वरनं दोन्हीकडनं वारा. गच्चीवर सावलीत ठेवा, वर जुनी साडी टाका म्हणजे कावळ्यांचा प्रसाद नको. कडक ऊन दिवसभर लागलं की नायलॉन कमजोर होतं, सकाळचं कोवळं तास दोन तास चालतं. सिंथेटिक एका दिवसात वाळते. डाऊनला मार्चमध्येसुद्धा दोन-तीन दिवस धरा, दर दोन तासांनी उलटायची आणि आतले गोळे बोटांनी बाहेरनंच हलके सुटे करायचे. पहिल्या दिवशी ओल्या कोंबडीसारखा वास येतो, घाबरू नका, वाळल्यावर जातो. मोठ्या लाँड्रीत ड्रम ड्रायर असेल तर एकदम कमी हीटवर, सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवा, बॉल गोळे फोडतात. वाळली असं वाटलं तरी एक रात्र आणखी राहू दे. गालाला लावून बघा, कुठं गार लागलं तर तिथं ओल आहे.

ठेवण्यात सगळे चुकतात, मी पण. ती जी छोटी दाबून भरायची पिशवी येते ती फक्त सॅकमध्ये न्यायला. घरी बॅग मोकळीच हवी. जुन्या डबल चादरीची मोठी पिशवी शिवा, किंवा बॅग तशीच कपाटात टांगा, किंवा दिवाणमध्ये सगळ्यात वर सैल ठेवा, पण गोधड्यांच्या खाली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत वाफ धरते. डांबरगोळ्या पण टाकू नका, तो वास कापडात बसतो आणि मग कासच्या थंडीत रात्रभर नाकाशी घेऊन झोपा. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला नाहीतर वेखंडाचे तुकडे छोट्या कापडी पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवतो मी. पावसाळ्यात चार दिवस उघडीप मिळाली की बॅग बाहेर काढून तासभर वाऱ्यावर पसरायची.

ट्रेकवर जाताना पिशवीत भरायची तीही घडी घालून नाही. रोज त्याच घडीवर दुमडली की तिथं भरण तुटतं, त्यामुळं पायाकडनं सुरुवात करून मूठमूठ कोंबायची, हवा तोंडातनं निघून जाते. दिसायला गबाळं, पण बरोबर तेच. मुक्कामाला पोचलं की टेंट लावल्या लावल्या बॅग बाहेर काढून झटकायची, झोपेपर्यंत तिला फुगायला वेळ मिळतो. घामट टी-शर्टवर आत शिरू नका. गार लागतंय म्हणून तोंड आत घालून श्वास सोडू नका, सकाळी आतनं ओली होते, कानटोपी घाला त्यापेक्षा. शेकोटीपासून लांब, एक ठिणगी उडाली की नायलॉनला भोक. आणि बॅगेत बसून भडंग खाणारा एक तरी गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला बाहेर काढा, एक शेंगदाणा आत राहिला तर घरी आल्यावर उंदीर बॅगच कुरतडतो.

सकाळी दव पडलेलं असतं, तिकडं शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला तर टेंट ठिबकत असतो. निघायची घाई असते म्हणून ओलसर बॅग भरली जातेच, ठीक आहे, पण घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी ती बाहेर काढून खुर्चीवर टाका. दमलोय, उद्या काढू म्हणाल आणि ते उद्या घट बसायच्या वेळी येतं.

बारीक दुरुस्त्या घरीच होतात. चेन अडली तर ओढू नका, कापड अडकलेलं असतं, मागं घेऊन सोडवा आणि दातांवर मेणबत्ती घासा. पीस बाहेर डोकावलं तर उपटू नका, त्यामागनं आणखी चार येतात, दुसऱ्या बाजूनं चिमटीत धरून आत ओढून घ्या आणि भोक बोटानं चोळा. ठिणगीच्या भोकाला सेलोटेप नको, डिंक सुटून चिकट होतं, टेंटला लावतात तो नायलॉनचा रिपेअर टेप गोल कापून लावा, कोपरे ठेवले की तिथनं सुटतो.

फाटक्या पडद्यांची ती निळी बॅग अजून आहे, उसवून भरण काढलं आणि आईनं त्याच्या दोन उशा केल्या. त्या मात्र ती दरवर्षी आपटून धुते.