देवगडच्या आंबा-नोंदणीतील हरवलेल्या पेट्या

देवगडमधील एका बागायतदाराची हापूसच्या पेट्या नोंदवण्याची, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली जुनी प्रणाली मी सांभाळतो. आंब्याचा हंगाम तोंडावर आला असताना सर्व्हरवर पीएचपी ८.२ बसवले आणि एरर लॉगमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) ‘डायनॅमिक प्रॉपर्टी तयार करणे डेप्रिकेटेड आहे’ अशा अर्थाच्या सूचनांची रीघ लागली. क्लासमध्ये (कोडच्या साच्यात) आधी घोषित न केलेल्या प्रॉपर्टीला, म्हणजे माहिती ठेवण्याच्या नाव दिलेल्या कप्प्याला, परस्पर किंमत देणे डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून कालबाह्य ठरले असून पीएचपी ९ मध्ये तेथे थेट एरर येणार आहे.

क्लासवर ‘अलाउडायनॅमिकप्रॉपर्टीज’ हे अ‍ॅट्रिब्यूट (कोडवरची खूण) लावून सूचना गप्प करता आल्या असत्या. पण मी प्रत्येक ओळ उघडून पाहिली, आणि ते बरे झाले. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे नवी नोंद तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, ‘पेटी’ या प्रॉपर्टीत संख्या ठेवली जात होती, तर ऑर्डर बदलताना नवी संख्या ‘पेट्या’ नावाच्या भलत्याच प्रॉपर्टीत जाऊन पडत होती. त्यामुळे दोनाच्या पाच पेट्या केलेल्या ग्राहकाचे बिल दोनाचेच निघे, आणि बागायतदारकाका बिचारे वहीशी ताळा करत बसत.

मग सर्व प्रॉपर्टी क्लासच्या आरंभीच प्रायव्हेट (क्लासबाहेरून हात न लागणाऱ्या) आणि इंट (पूर्णांक), स्ट्रिंग (मजकूर) अशा प्रकारांसह घोषित केल्या. प्रकार दिलेली प्रॉपर्टी किंमत मिळण्यापूर्वी वाचली तर एरर येते, म्हणून ‘पेटी’ला आरंभी शून्य दिले. चुकीचे नाव दुरुस्त केल्यावर पाच पेट्यांचे बिल पाचाचेच निघाले आणि लॉग रिकामा राहिला.