मिरज–कोल्हापूर रूट जुन्या ट्रेन्झमधून नव्या ट्रेन्झमध्ये नेताना

ट्रेन्झ हा रेल्वेमार्ग बांधण्याचा आणि त्यावर गाड्या चालवण्याचा संगणकावरील खेळ आहे. त्याच्या ट्रेन्झ सिम्युलेटर १२ या जुन्या आवृत्तीत स्वतः बांधलेला रूट, म्हणजे मार्ग, ट्रेन्झ रेलरोड सिम्युलेटर २०१९ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत न्यायचा असेल, तर रूटच्या फाइलमध्ये नेमके काय असते हे आधी समजून घ्यावे. जमिनीचा चढउतार, रुळांची आखणी आणि कोणती वस्तू कोठे ठेवली आहे याची नोंद, एवढेच तिच्यात असते. मिरज ते कोल्हापूर या सुमारे ४७ किलोमीटरच्या मार्गाचे उदाहरण घेऊ. जयसिंगपूरचा फलाट, रुकडीजवळचा पंचगंगेवरचा पूल, वळिवड्याच्या आसपासची उसाची शेते, सिग्नल, रूळ आणि खडी या सर्व गोष्टी स्वतंत्र ॲसेट, म्हणजे खेळातल्या सुट्या वस्तू, असून रूट त्यांना केवळ त्यांच्या कुइड या ओळख-क्रमांकाने ओळखतो. म्हणून रूट नेणे हे तुलनेने सोपे काम आहे. खरे काम त्याच्या डिपेंडन्सी, म्हणजे तो ज्या ॲसेटवर अवलंबून आहे ते सर्व, नव्या आवृत्तीत उभे करणे हे आहे.

पहिली पायरी जुन्या आवृत्तीतच उरकावी. ट्रेन्झ सिम्युलेटर १२ मध्ये कम्पॅटिबिलिटी मोड आणि नेटिव्ह मोड असे पर्याय आहेत. कम्पॅटिबिलिटी मोड जुन्या ॲसेटमधले अनेक दोष चालवून घेतो, नेटिव्ह मोड घेत नाही. त्यामुळे एरवी व्यवस्थित दिसणारा रूट नेटिव्ह मोडमध्ये उघडल्यावर निम्मी झाडे गायब झालेली आढळू शकतात. नंतरच्या आवृत्त्या नेटिव्ह मोडच्याच वळणाने पुढे गेल्या असल्याने हा दोष येथेच कळणे सोयीचे असते. रूट नेटिव्ह मोडमध्ये एकदा टोकापासून टोकापर्यंत पाहून घ्यावा आणि जे दिसत नाही त्याची नोंद करावी.

यानंतर कंटेंट मॅनेजर हे खेळातले ॲसेट हाताळण्याचे साधन उघडून रूट निवडावा आणि त्याच्या डिपेंडन्सीची यादी काढावी. ही यादी रिकर्सिव्ह, म्हणजे डिपेंडन्सीच्याही डिपेंडन्सी दाखवणारी असावी, कारण एखाद्या डब्याला बोगी लागते, बोगीला पुन्हा दुसरे ॲसेट लागू शकतात आणि ही साखळी साध्या यादीत दिसत नाही. मिळालेल्या यादीचे तीन गट पडतात. पहिला गट खेळासोबतच आलेल्या ॲसेटचा, दुसरा डाउनलोड स्टेशन या ट्रेन्झच्या ऑनलाइन संग्रहात उपलब्ध असलेल्यांचा आणि तिसरा स्वतः बनवलेल्या किंवा एखाद्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या ॲसेटचा. भारतीय इंजिने आणि डबे बहुधा या तिसऱ्या गटातच सापडतात. हातांनी न्यायचा तो केवळ हाच तिसरा गट. दुसरा गट नव्या आवृत्तीतून पुन्हा उतरवून घेणे अधिक चांगले, कारण तेथे त्या ॲसेटची दुरुस्त केलेली नवी प्रत मिळण्याची शक्यता असते. पहिल्या गटातले जे नव्या खेळात नसेल, त्याला पर्याय शोधावा लागतो.

तिसऱ्या गटातील ॲसेट निवडून सीडीपी, म्हणजे ॲसेट एकत्र बांधून ठेवणाऱ्या, फाइलमध्ये साठवावेत. सर्व काही एकाच भल्यामोठ्या सीडीपीत कोंबण्यापेक्षा इमारती, रूळ व सिग्नल, गाड्या, रूट आणि सेशन (त्या रूटवर गाड्या चालवण्याची मांडणी) अशा वेगवेगळ्या फाइल कराव्यात. आयात करताना एखादी फाइल अडली तर नेमके काय अडले हे लगेच कळते. डेटा फोल्डर उचलून नव्या आवृत्तीच्या फोल्डरवर तसाच चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. ट्रेन्झ आपले सर्व ॲसेट सांकेतिक नावांच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि त्यांची नोंद स्वतंत्र डेटाबेसमध्ये राखते. फोल्डर हलवले तरी ती नोंद सोबत येत नाही, आणि वर्षानुवर्षांचा निरुपयोगी गाळ मात्र हमखास येतो.

नव्या आवृत्तीत काहीही आयात करण्यापूर्वी आपल्या जुन्याच ट्रेन्झ खात्याने लॉग-इन करावे. कुइडमध्ये निर्मात्याचा क्रमांक गुंफलेला असतो. वेगळे खाते वापरल्यास आपलेच जुने ॲसेट परक्याचे ठरतात आणि पुढे त्यांची नवी आवृत्ती काढताना गोंधळ होतो. लॉग-इन झाल्यावर सीडीपी फाइल कंटेंट मॅनेजरच्या खिडकीवर ओढून टाकल्या, किंवा फाइल मेनूतून आयात केल्या, तरी चालते. क्रम कोणताही ठेवला तरी खेळ अडत नाही, तथापि आधी सुटे ॲसेट, मग रूट आणि शेवटी सेशन असा क्रम ठेवल्यास मधल्या काळात खोट्या तक्रारींची लांबलचक यादी पाहावी लागत नाही. डाउनलोड स्टेशनवरून उतरवण्याचे काम फर्स्ट क्लास तिकीट या सशुल्क सोयीशिवाय सावकाश चालते, तेव्हा ते रात्री लावून ठेवणे बरे.

आता खऱ्या कष्टाचा भाग येतो. आयात झाल्यावर काही ॲसेट फॉल्टी, म्हणजे दोषी, म्हणून लाल खुणेसह दिसतील. प्रत्येकाच्या चुका व इशारे पाहण्याची सोय कंटेंट मॅनेजरमध्ये आहे. त्यातले इशारे सोडून द्यावेत आणि फक्त चुकांकडे पाहावे. ॲसेट एडिटसाठी उघडला की त्याचे फोल्डर एक्सप्लोररमध्ये पाहता येते, आणि त्यातील कॉन्फिग ही साधी मजकुराची फाइल नोटपॅडमध्ये दुरुस्त करता येते. दुरुस्तीनंतर बदल सबमिट करावे लागतात, अन्यथा तो ॲसेट उघडाच राहतो.

कॉन्फिगमधील ट्रेन्झ-बिल्ड हा आकडा येथे फार महत्त्वाचा ठरतो. ॲसेट कोणत्या आवृत्तीच्या नियमांनुसार तपासायचा हे त्यावरून ठरते. ट्रेन्झ सिम्युलेटर १२ च्या काळात ३.५ हा आकडा वापरात होता, तर २०१९ च्या आवृत्तीत ४.६ आला. अनेकजण नव्या आवृत्तीत आल्याबरोबर हा आकडा वाढवून टाकतात आणि त्यामुळे आधी बिनतक्रार चालणाऱ्या ॲसेटवर नव्या, अधिक कडक नियमांची तपासणी ओढवून घेतात. माझ्या मते जुना ॲसेट जुन्या आकड्यासह चालत असेल तर त्याला हात लावू नये. आकडा वाढवायचाच असेल तर २४० बाय १८० पिक्सेलचे लघुचित्र आणि ज्या ज्या वस्तूंवर ॲसेट अवलंबून आहे त्या सर्वांची कुइड-टेबलमध्ये नोंद, एवढ्या गोष्टींची तयारी ठेवावी.

सर्वाधिक आढळणारी चूक टेक्स्चरची, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राची, असते. टेक्स्चरच्या मजकूर-फाइलमध्ये पारदर्शकतेसाठी अल्फा असा उल्लेख असतो, पण प्रत्यक्ष चित्रात अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, नसतोच. वस्तू पारदर्शक असण्याचे कारण नसेल, उदाहरणार्थ गुळ मार्केट स्थानकाची दगडी भिंत असेल, तर अल्फाची ती ओळ काढून टाकली की काम होते. कुंपणाची जाळी किंवा झाडाची पाने असतील, तर मात्र चित्रातच अल्फा चॅनल घालावा लागतो. मूळ चित्रे हरवून फक्त खेळाने रूपांतरित केलेली टेक्स्चर उरली असतील, तर पेव्हसॉफ्ट या ट्रेन्झसाठीच्या साधनसंचातील इमेजेसटूटीजीए हे छोटे साधन ती चित्रे परत मिळवून देते. अगदी सुरुवातीच्या काळातील पीएम प्रकारच्या मेश, म्हणजे वस्तूच्या त्रिमित आकाराच्या, फाइल नव्या आवृत्त्यांत चालत नाहीत. त्यांना आयएम प्रकारात बदलावे लागते आणि त्यासाठीही त्याच संचात पीएमटूआयएम आहे.

दोषी ॲसेट संपले की हरवलेल्या डिपेंडन्सीकडे वळावे. कंटेंट मॅनेजर कधीकधी नावाऐवजी नुसता कुइड दाखवतो. अशा वेळी त्यातील पहिली संख्या म्हणजे निर्मात्याचा क्रमांक असतो, हे लक्षात ठेवून त्या निर्मात्याचे अन्य ॲसेट शोधावेत; त्यावरून तो कोण आणि त्याचे काम कोठे मिळते याचा माग बहुतेक वेळा लागतो. कुइडटू या प्रकारात शेवटी आवृत्तीचा आकडा असतो, आणि जुनी आवृत्ती न मिळाल्यास तिची जागा घेणारी नवी आवृत्ती आपोआप वापरली जाते.

यानंतरच रूट सर्व्हेयर या रूट-संपादकात उघडावा, आणि उघडताच तो वेगळ्या नावाने सेव्ह करावा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला रूट जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, म्हणून आयात केलेली मूळ प्रत अस्पर्शित राहणे आवश्यक आहे. हरवलेले ॲसेट काढून टाकण्याची आज्ञा सर्व्हेयरच्या मेनूत आहे, परंतु ती सर्वांत शेवटी वापरावी. जोवर हरवलेल्या वस्तूची नोंद रूटमध्ये आहे, तोवर ती वस्तू नंतर मिळाल्यास आपोआप आपल्या जागी उभी राहते. नोंद पुसली की हातकणंगल्याच्या यार्डातील प्रत्येक दिवा पुन्हा हाताने लावण्याची वेळ येते. त्याऐवजी एका ॲसेटच्या जागी सर्वत्र दुसरा ॲसेट बसवण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग करावा. जुने रूळ काढून नवे प्रोसिजरल, म्हणजे सांध्यांचे रूप खेळ स्वतःच घडवतो असे, रूळ बसवायचे झाल्यास हीच सोय कामी येते. मात्र असे केल्यावर प्रत्येक सांध्याजवळ जाऊन काटे योग्य बाजूला वळतात की नाही हे पाहणे भाग आहे.

जमिनीच्या रंगाकडेही लक्ष द्यावे लागते. नव्या आवृत्त्यांची प्रकाशयोजना निराळी असल्याने जुन्या आवृत्तीत पंचगंगेकाठच्या काळ्या मातीसाठी निवडलेले टेक्स्चर येथे राखाडी किंवा चकचकीत दिसू शकते. नवी पीबीआर (प्रकाशाचे परावर्तन अधिक खरे दाखवणारी) टेक्स्चर आणि जुनी साधी टेक्स्चर एकाच पट्ट्यात मिसळणे टाळावे; मिलाफाच्या जागी डाग उमटल्यासारखे दिसतात. जाता जाता, ज्यांनी हा मार्ग जुन्या काळी विजेच्या तारांविना बांधला होता, त्यांनी आता खांब व तारा घालून घ्याव्यात. प्रत्यक्ष मार्गाचे विद्युतीकरण झालेले आहे आणि तारांशिवायचा रूट आता डिझेलच्या काळातलाच वाटतो.

सेशन तपासताना गाडी स्वतः चालवावी, संगणकाच्या चालकावर सोडू नये. सिग्नल आणि वेगमर्यादेच्या पाट्या यांचे ॲसेट बदलले असतील तर त्यांतले दोष चालवतानाच उघड होतात. सेशनमधील रूल, म्हणजे सेशन कसा चालावा हे ठरवणारे नियम, वेगळे ॲसेट असून त्यांच्यातील स्क्रिप्ट जुनी असल्यास सेशन उघडतो, पण गाडीला आज्ञा मिळत नाही. अशा वेळी तो रूल काढून त्याची नवी आवृत्ती घालावी.

दुसऱ्याने बनवलेले ॲसेट आपल्या रूटसोबत मित्रांना द्यायचे असतील, तर कॉन्फिगमधील परवान्याचा मजकूर आधी वाचावा. विकत घेतलेले ॲसेट कोणालाही देऊ नयेत. मित्राला फक्त रूट, सेशन आणि स्वतःच्या वस्तू द्याव्यात व बाकीच्यांची यादी द्यावी.

आयात किंवा डेटाबेस दुरुस्ती चालू असताना वीज गेली तर नोंदी अर्धवट राहतात, म्हणून डेस्कटॉप संगणकाला यूपीएस नसेल तर हे काम लोडशेडिंगच्या वेळा सोडून करावे. तसे झालेच तर लाँचरमधून डेटाबेस रिपेअर चालवावे. बहुतेक ॲसेट त्यानंतर परत दिसतात. जुनी आवृत्ती आणि सर्व सीडीपी नवा रूट पूर्ण तपासून होईपर्यंत, शक्य असल्यास वेगळ्या डिस्कवर, तशाच ठेवाव्यात.