हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीतून सौरज्वाला कशी वाचावी

सौरज्वालेचा, म्हणजे सूर्यावर अचानक होणाऱ्या ऊर्जास्फोटाचा, उगम प्रभामंडलात, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात असला, तरी गच्चीवरून आपल्या हाती लागतो तो त्याखालच्या वर्णगोल या थरावर उमटलेला तिचा ठसा, आणि तो नीट वाचता आला तर वरची घडामोड ताडता येते.

सोलापुरात दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत बहुधा निरभ्र आकाश मिळते. पण दुपारी तापलेल्या स्लॅबवरची हवा थरथरू लागली की प्रतिमेतील बारकावे पुसले जातात, म्हणून निरीक्षण सकाळीच उरकावे. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवायचा साधा सौर फिल्टर दीप्तिगोल, म्हणजे सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग, आणि त्यावरचे डाग दाखवतो, ज्वाला मात्र क्वचितच. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना पांढऱ्या प्रकाशात दिसलेली ज्वाला अपवादात्मक तीव्र होती. एरवी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश तेवढा दाखवणारी हायड्रोजन-अल्फा सौरदुर्बीणच हवी. ग्रहणाच्या वेळी घराघरांतून निघणारी काजळी धरलेली काच आणि एक्स-रेची फिल्म डोळ्यांना मुळीच सुरक्षित नाही.

विरुद्ध चुंबकीय ध्रुवतेचे (एक उत्तर, एक दक्षिण) डाग एकमेकांना खेटून असलेला समूह निवडावा. ध्रुवता दुर्बिणीतून दिसत नाही. त्यासाठी नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक यानाचा त्या दिवसाचा चुंबकीय नकाशा पाहावा. मोठी ज्वाला पेटली की दोन ध्रुवतांच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना उजळ पट्टे उमटतात आणि हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. वर प्रभामंडलात ताणलेल्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, त्यात वेग मिळालेले इलेक्ट्रॉन रेषांवरून खाली धावतात आणि वर्णगोलातील दाट वायूवर आदळून तो तापवतात. म्हणजे हे पट्टे चुंबकीय कमानींचे पाय होत. जोडणी क्रमाने अधिक बाहेरच्या रेषांची होत गेल्याने उजेडाची जागा बदलते, वायू स्वतः बाजूला वाहत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

उजळपणाची नोंद मिनिटागणिक वहीत करावी, जागतिक वेळ (यूटीसी) मिळवण्यासाठी भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावेत आणि गोज या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांच्या आलेखाशी ती ताडून पाहावी. आलेखाचा कळस बहुधा पट्ट्यांच्या पहिल्या झळाळीनंतर येतो, कारण एक कोटी केल्विनच्या घरात तापलेला वायू वर उसळून कमानी भरायला अवधी लागतो. क्ष-किरणांच्या तीव्रतेनुसार ठरणाऱ्या ज्वालांच्या सी, एम, एक्स या वर्गांत प्रत्येक पायरी दहापट तीव्रतेची असते. नवशिक्याने एम वर्गाचीच वाट पाहावी, असे माझे मत आहे. पट्टे न सरकता नुसते दोन ठिपके उजळून विझले, तर ती ज्वाला बहुधा लहान आणि बंदिस्त, म्हणजे द्रव्य बाहेर न फेकणारी, समजावी.